आवाज दाबायचा डबा

टेपरेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा पुन्हा उजवीकडं जाऊन आपटला. उत्तरेश्वरनं कानावरचे हेडफोन काढले आणि टेप बंद केला.

“फाटला आवाज, मावशी.”

“माजा न्हाई फाटला. तुजा डबाच फाटला आसंल,” छबुबाई म्हणाली.

डबा गोडेतेलाचा होता. आत तीन मेलेल्या रेडिओंचे वॉल्व होते. एक ग्रामपंचायतीच्या रेडिओचा, एक पाटलांच्या, आणि एक उत्तरेश्वरला सासऱ्यानं लग्नात दिलेल्या रेडिओचा. हा तिसरा रेडिओ मेला नव्हता, मारला, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं आणि त्यावरून घरात अबोला होता. उत्तरेश्वरचं वडवणीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. जुन्या मासिकातली आकृती बघून, दोन महिने खपून त्यानं हे यंत्र जुळवलं होतं. मोठा आवाज आला की दाबायचा, बारीक आला की उचलायचा, एवढंच त्याचं काम. नाव कंप्रेसर. गावाला कंप्रेसर म्हणजे विहीर खोदायचाच ठाऊक; यानं विहीर खोदता येत नाही, हे सांगून सांगून तो थकला होता.

यंत्राचं निमित्त छबुबाईच होती. तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जाई. रेडिओवर जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम होणार होता. उत्तरेश्वरच्या दुकानात गाऊन तिनं दोनदा टेप पाठवली आणि दोन्ही वेळा ती परत आली. आवाज फाटतो, म्हणे. ही तिसरी खेप शेवटची. आज अकराच्या एस.टी.नं टेप बीडला गेली नाही तर विषय संपला.

तिची लेक साखरा टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि तिथंच बाळंत होणार होती. इकडं बैल चारा छावणीत. त्यांना सोडून छबुबाईला जाता येत नव्हतं. “म्या न्हाई, तर माजा आवाज तरी तिच्या खोपीत जाऊ दे,” असं ती म्हणायची. 

गाणं चाललं होतं दूध सोसायटीच्या खोलीत. दुष्काळाचं दुसरं वर्ष. दूधच नव्हतं, त्यामुळं खोली शांत होती. रिकामे कॅन घुमू नयेत म्हणून त्यांच्यावर पोती टाकली होती. खोलीची किल्ली राखणदाराकडं, म्हणजे छबुबाईच्या नवऱ्याकडं, आश्रुबाकडं. कुलूप उघडल्याबरोबर छबुबाईनं त्याला बाहेर लिंबाखाली हाकललं होतं.

कारण तसंच होतं. काल तालमीला तो मागं कॅनवर बसला होता, आणि टेप लावून बघितली तर तिच्या दोन ओव्यांच्या मधे कुणीतरी पुटपुटत होतं. “बग! तीस वरसं हेच!” ती कडाडली होती. बारसं असो, लग्न असो, ती गायला बसली की हा मागं बसून पुटपुटणार. कधी चांगलं म्हणणं नाही. चांगलं सोडाच, तिचं नावसुद्धा त्यानं कधी घेतलं नव्हतं. आधी ‘अगं’ आणि लेक झाल्यावर ‘साखरीची आये’.

सव्वादहा झाले. छबुबाईनं परत सूर लावला.

*दळण सरलं बाई, पीठ भरू मी कशात*
*लेक माझी गेली फडा, जीव तिच्या कोयत्यात*

‘लेक’ म्हणताना काटा आपटला. उत्तरेश्वरनं कपाळावर हात मारला. काल हाच डबा होता, हीच ओवी होती, आणि काटा गरीब गाईसारखा मधे उभा होता. मग आज काय बिघडलं? त्यानं कालची टेप लावली. या वेळी आवाज पार वाढवून.

छबुबाईची ओवी संपली. ती श्वास घ्यायला थांबली. डब्यानं आपलं काम केलं होतं, म्हणजे खोलीतला बारीकसारीक आवाज उचलून वर आणला होता. पत्र्यावरचा कावळा आला. भिंतीवरचं घड्याळ आलं. मग आश्रुबा आला.

“हळू. हळू घे... आता लेक यील, तितं आवर... हां. आता सोड.”

पुढच्या ओवीनंतरही तेच. त्याच्या पुढच्या ओवीनंतरही. उत्तरेश्वरनं आपल्या डब्याकडं बघितलं, आणि दोन महिन्यांची त्याची ऐट उतरली. अर्धं काम कॅनवर बसलेल्या माणसानं केलं होतं; त्याची कुजबुज कानावर पडली, की छबुबाई नकळत आवाज आवरत होती.

छबुबाई दारात गेली. “अवो, आत या!” लिंबावरची पाखरं उडाली.

आश्रुबा अपराध्यासारखा आत आला.

“तीस वरसं हे मोट्यानं काहून न्हाई सांगितलं?”

“मोट्यानं म्हनलो आस्तो, तर तू आनखी मोट्यानं गायली आस्तीस.”

 तिनं पदरानं कॅनवरच्या पोत्याची धूळ झटकली आणि त्याला आपल्या मागं बसवलं. ती गायली; आश्रुबा या वेळी पुटपुटण्याऐवजी तिच्या पाठीवर बोटानं खुणावत राहिला. काटा मधे राहिला. शेवटची ओवी संपली, टेप थांबला, एस.टी.चा हॉर्न वाजला, आणि उत्तरेश्वर टेप ऐकून न बघताच ती घेऊन पळाला.

पुढच्या गुरुवारी सकाळी सोसायटीच्या ओट्यावर अख्खं गाव रेडिओभोवती जमलं. छबुबाईचा आवाज आला. गोल, भरलेला, कुठंही न फाटलेला. बाया डोळे पुसत होत्या. शेवटची ओवी संपली. क्षणभर काहीच नाही. मग रेडिओतून, तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात, आश्रुबा बोलला.

“वा, छबू.”

गावानं ऐकलं. जिल्ह्यानं ऐकलं. तिकडं फडावर साखरानं आणि तिच्या सगळ्या टोळीनं ऐकलं असणार. आश्रुबानं टोपी नाकापर्यंत ओढली.

छबुबाई त्याच्याजवळ सरकली.

“आता डब्याबिगर म्हना,” ती म्हणाली. इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या बायांनाही ऐकू गेलं नाही.