घोळीचा आवाज

समाधानने दोरखंड हाताला दोनदा गुंडाळला आणि पेटी धक्क्यावर ओढून घेतली.

"मॅडम, ह्याच्यात दोन वर्षं आहेत आपली," तो तेजश्रीला म्हणाला आणि पेटीवर थाप मारली.

दोन वर्षं ती पेटी उत्तनच्या समुद्रात तळाशी पडून घोळ माशाचे आवाज टिपत होती. अंडी घालायच्या दिवसांत घोळ पाण्याखाली घुमते. तसाच एक घुमणारा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही आहे. आवाज मोजून दोन्हीकडे किती मासा उरलाय ते शोधायचं, असा तिथल्या विद्यापीठाचा आणि इथल्या कॉलेजचा मिळून प्रकल्प होता. प्रकल्पाचा मदतनीस समाधान दर दोन महिन्यांनी पेटी वर काढायचा, तेजश्रीचे मार्गदर्शक गुणवंत सर एकटे बसून आकडे उतरवून घ्यायचे, मूळ आवाज पेटीतच राहायचे आणि पेटी परत खाली जायची. तेजश्रीची पीएचडी त्याच आकड्यांवर उभी होती.

पोर्तुगालच्या प्राध्यापक इनेस यांनी मागच्याच महिन्यात लिहिलं होतं, इतके नेटके आकडे आम्हालासुद्धा मिळाले नाहीत. सोमवारी त्या स्वतः येणार होत्या. पेटीतले मूळ आवाज त्यांना ऐकायचे होते.

आज शनिवार. सकाळचे दहा वाजले होते. सर गाडीपाशी फोनवर बोलत उभे होते.

"ए, ती पेटी ठेव खाली!"

वीसेक माणसं धक्क्यावर आली. पुढे नाथा होता. त्याच्याच होडीतून ही पेटी पहिल्यांदा समुद्रात गेली होती. त्याच्या हातात एक छापील कागद होता.

"आमचा दर्या बंद करता काय? तीन वर्सं जाळी टाकायची न्हाय? आमी खायाचं काय?"

तेजश्रीने कागद ओढून घेतला. वर प्रकल्पाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं की घोळीच्या रक्षणासाठी उत्तनची मासेमारी तीन वर्षं बंद करावी, पुरावा पेटीत आहे.

"नाथाभाऊ, हे खोटं आहे! आम्ही असं काही लिहिलेलं नाही!"

"मंग नाव कुनाचं हाय वर?"

कोणीतरी तिला ढकललं. ती जाळ्यांच्या ढिगावर पडली. उठेपर्यंत चारपाच जण समाधानवर तुटून पडले होते. तो पेटीवर पालथा पडला होता, दोन्ही हातांनी तिला कवटाळून. लाथा त्याच्या बरगड्यांवर बसत होत्या. कोणी त्याचे केस धरून मान मागे खेचली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, तरी हात सुटले नाहीत.

सर धावत आले. "समाधान, सोड ती पेटी! सोड म्हणतो ना!"

"दोन वर्षं आहेत, सर..."

"जाऊ दे! सोड!"

सर गर्दीत घुसले. त्यांच्या मनगटावर दगड बसला आणि ते खाली बसले. नाथाने बोंबील वाळवायच्या काठ्यांतला एक बांबू उपसला आणि समाधानच्या हातांवर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी समाधानने मान वर केली. बांबू डोक्यात बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

हात सुटले. दोघांनी पेटी उचलली, दगडावर आपटून फोडली आणि भरतीच्या पाण्यात लोटली. नाथा हातातल्या बांबूकडे बघत राहिला.

समाधान रविवारी पहाटे गेला.

सोमवारी इनेस आल्या त्या थेट हाटकेशला, समाधानच्या घरी. त्याच्या बायकोचा, उर्मिलाचा हात धरून त्या रडल्या. मूळ आवाजांचं नावही त्यांनी काढलं नाही. उतरवलेले आकडे पुरेसे आहेत, असं त्यांच्या विद्यापीठाने दुसऱ्या दिवशी कळवलं, आणि प्रकल्प समाधानच्या नावाने आणखी तीन वर्षं वाढवला. समाधानच्या जलदान विधीला सर बोलायला उभे राहिले, पण त्यांच्याने दोन वाक्यंही धड बोलवेनात. हाताला प्लास्टर होतं. तेजश्रीने त्यांना धरून खाली बसवलं.

कागद कोणी छापला ते पोलिसांना सापडलं नाही. "निवडणुका जवळ आल्यात, कोणीतरी पुढारी असेल," सर म्हणाले. कोठडीतला नाथा त्याबद्दल तोंड उघडत नव्हता. तेजश्रीने मात्र जबानीत सगळं सांगितलं. बांबू कोणाच्या हातात होता, किती वेळा उठला, सगळं.

महिन्याभराने दुपारी नाथाची बायको हंसा तेजश्रीच्या भाईंदरच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"बाय, जबानीचं काय केलंस?"

"काय करायचं होतं?"

"बदलनार व्हतीस ना तू? सर बोलले, तेजश्रीला मी समजावतो. नाथाला सांग, गप ऱ्हा, मी सोडवतो."

सरांचं मन मोठं होतं, तिचं नव्हतं. "सरांनी माफ केलं असेल. मी नाही करणार. माझ्यासमोर मारलंय तुझ्या नवऱ्याने त्याला!"

"मारलं. न्हाय कुटं बोलते मी?" हंसाने पदराने तोंड पुसलं. "त्याला झोप न्हाय तितं. बोलतो, मानूस मारायचं ठरलंच नव्हतं."

"ठरलं नव्हतं? काय ठरलं होतं मग? कोणाशी?"

हंसा उंबऱ्याच्या आत आली. "तुला म्हाईत न्हाय?"

"काय माहीत नाही?"

"बाय, कागद घेऊन सरच आलते आमच्या घरी. बोलले, सोमवारच्या आत पेटी गेली पायजे, शनवारी दहाला या. मान्साला हात लावू नका, निस्ती पेटी बुडवा."