इंदूरचं स्थळ

विनोदिनीनं गोळी घेऊन बराच वेळ झाला होता आणि इंदूरची मोटर अजून आली नव्हती.

तिचा भाऊ जयंत देवास गेटच्या मोटर स्टँडवर दोन चकरा मारून आला. मोटर सांवेरजवळ बिघडून उभी आहे, एवढंच तिथं कळलं. माईंनी पोह्यांचं पातेलं चुलीवरून उतरवून झाकून ठेवलं. तात्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. आतल्या खोलीत विनोदिनी नवं लुगडं नेसून ताठ बसली होती. काळीज धडधडत होतं, तोंडाला कोरड पडली होती, पण डोळे टक्क उघडे होते.

दोन वर्षांपूर्वी तिला मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, थकवा राहिला. एके काळी क्षिप्रेच्या घाटावर मैत्रिणींना मागं टाकून धावणारी पोर आता एक कळशी भरून आणली की भिंतीला टेकायची. रात्रभर झोपून उठली तरी अंग भिजलेल्या गादीसारखं जड. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वैद्यांनी काढे दिले. दुखणं कुणालाच सापडलं नाही, तेव्हा तात्यांनी त्याला स्वतःच नाव देऊन टाकलं. आळस.

आधीची दोन स्थळं हातची गेली होती. एकदा तर पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. आता नोव्हेंबरात मध्य भारत मोडून नवं राज्य व्हायचं होतं, तात्यांची कचेरी भोपाळला हलणार होती. त्याआधी पोरीचे हात पिवळे करायचे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

जयंत औषधांच्या दुकानात कामाला होता. गोळी त्यानंच आणली. लढाईत विमानवाल्यांना देत असत, आता परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची पोरं नेतात, असं तो म्हणाला. पहिल्यांदा घेतली त्या दिवशी विनोदिनीनं सगळं घर झाडून पुसून काढलं आणि मग आनंदानं रडली. गोळी उतरल्यावर मात्र ती अंथरुणाला खिळली, पाणीसुद्धा माईंनी पाजलं.

अखेर टांगा दाराशी थांबला तेव्हा उन्हं कलली होती. विनोदिनीच्या मानेमागं ते ओळखीचं जडपण यायला लागलं होतं. तिनं जयंतकडे पाहिलं. तो काय ते समजला.

"दुसरी नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "छातीवर येईल. आता कसंही करून निभाव."

भय्यासाहेब टोकेकर प्रवासानं पार गळून गेले होते. त्यांचा मुलगा श्रीकांत मात्र आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा टवटवीत होता. तो बँकेत होता. खुर्चीच्या कडेवर बसून तो तात्यांशी भोपाळबद्दल बोलला, जयंतला भैरवगढच्या छापील कापडाचे भाव विचारले, उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न काढला. पोह्यांच्या बशीला त्यानं हात लावला नाही. पाणी तेवढं मागून घेतलं. आपण पसंत नाही, असं विनोदिनीनं त्यावरून ताडलं.

"हमारा लड़का तो मशीन है, साहब," भय्यासाहेब कौतुकानं म्हणाले. दिवसा बँक, संध्याकाळी शिकवण्या, घरचा बाजारहाटही तोच करतो. थकवा कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. त्याची आई गेल्यापासून घरात बाईमाणूस नाही. सून यायची ती तशीच चटपटीत हवी. दिवसा लोळणारं माणूस आपल्याला खपत नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

"आमच्या विनूच्या पायाला भिंगरी आहे," तात्या म्हणाले.

विनोदिनीनं मान खाली घातली. सतरंजीचे पट्टे एकमेकांत मिसळायला लागले होते. तिनं नखं तळव्यात रुतवली. भय्यासाहेबांचं ते घर तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पहाटेची चूल, पाणी, धुणं, आणि अंथरुणावर पडलेली आपण. गोळीच्या जोरावर आज बसून घेता येईल. सगळा जन्म कसा काढायचा?

जमाना बदलला आहे, मुलांना दोन शब्द बोलू द्या, असं भय्यासाहेब म्हणाले. माईंचा चेहरा उतरला, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

मागच्या अंगणात येईपर्यंत विनोदिनीला दोनदा भिंतीचा आधार घ्यावा लागला. श्रीकांत हात मागं बांधून उभा राहिला. काही विचारायचं आहे का, असं त्यानं म्हटलं, आणि तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मला तुम्हाला फसवायचं नाही," ती म्हणाली. "तात्या बोलले ते खरं नाही. तापानंतर मी बहुतेक दिवस पडूनच असते. आज बसले ती जागं राहायची गोळी घेऊन. जयंतनं दुकानातून आणली होती. ती आता उतरतेय. तुमच्या घरी माझा निभाव लागायचा नाही. तुम्ही नाही म्हणून टाका. घरात काय व्हायचं ते मी सोसेन."

आतून तात्यांचं मोकळं हसणं ऐकू आलं. आता हा वळेल, आत जाईल, चारचौघांत सगळं सांगेल. विनोदिनीनं डोळे मिटून घेतले.

पावलं वाजली नाहीत. तिनं डोळे उघडले तेव्हा श्रीकांत धुण्याच्या दगडावर बसला होता. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुमचं एका गोळीत भागतं?" तो म्हणाला. "मला आताशा दोन लागतात."