काकघास

माईंच्या यजमानांचं, अण्णांचं, देवासच्या घरी वर्षश्राद्ध होतं. "बाजारात कशाला जायचं, माई? अण्णांच्या आवडीची चौलाईची भाजी तर त्यांच्या बगीच्यातच खूप झाली आहे," म्हणत सून श्रिया टोपलीभर कोवळा पाला खुडून घेऊन आली. अण्णा गेल्यापासून तिथलं तण कुणी काढलं नव्हतं.

गच्चीवर काकघास ठेवला. कावळा आला, त्यानं भाजीत चोच घातली आणि मागे सरला. माईंनी पदर पसरला. "काळजी करू नका, तुमचा बगीचा मी सांभाळीन." तरी कावळा शिवेना. "अण्णा नाराज आहेत आपल्यावर," म्हणताना मुलगा वीरेंद्रचे डोळे भरून आले. ऊन फार चढलं, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला आणि शिधा घेऊन ते गेले. मुलगा-सून जेवायला बसले. माई वाढायला राहिल्या.

संध्याकाळी इस्पितळात दोघांच्या चेहऱ्यावर चादर ओढून डॉक्टरांनी विचारलं, "भाजीत धोतऱ्याचा पाला होता. घरात कुणालाच ओळखू आला नाही?"

 

"अण्णांना आला होता," माई म्हणाल्या, "आम्हीच दर्भाचा कावळा शिववून घेतला."