देवचाराची मऊ घोंगडी

देवचार झोपला आहे, असं गावाने सोमवारी सकाळी ठरवलं आणि खापर फुटलं ते दुर्गाच्या घोंगडीवर.

पुरावा काशिनाथकाकांनी आणला. त्यांनी देवचाराच्या घुमटीतून, त्या टीचभर देवळातून, त्याच्या वहाणा बाहेर काढल्या आणि सगळ्यांसमोर पालथ्या केल्या. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो रात्रभर सीमेवरून फिरतो, म्हणून दर जत्रेला त्याला काठी, वहाणा आणि घोंगडी द्यायची. पुढच्या जत्रेपर्यंत वहाणा झिजतात, त्यावरून तो फिरला हे कळतं. यंदा काजूचा हंगाम सरत आला तरी वहाणांवर दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

"बघा, तळ झिजूकच नाय!" काका गरजले. "माझे काजू चोरीक गेले, शेजारच्या जानकीचे कोंबे खुराड्यातना गेले. देवाक झोपवलंस गो तू, दुर्गा!"

घोंगडी द्यायचा मान दुर्गाच्या घराचा. आजवर ती घाटावरून विकत यायची. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, वर चिंचोक्याची खळ लावलेली, भिंतीला टेकवली तर आपसूक उभी राहील अशी. पण दुर्गाने मोबाइलवर बघून बघून लोकर कातायचा नाद लावून घेतला. सिंधुदुर्गात मेंढी बघायची ती चित्रातच. जिथे सकाळी नऊलाच सदरा पाठीला चिकटतो, तिथे ही बाई पडवीत लोकर कातत बसते, हे बघायला लोक वाट वाकडी करून येत.

तिने पार्सलाने तऱ्हेतऱ्हेच्या मेंढ्यांची लोकर मागवली. दख्खनी गालाला लावली तर टोचली. माडग्याळची त्याहून राठ निघाली. राजस्थानातल्या चोकला मेंढीची लावली आणि तिला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली तेव्हा तिला देवाची दया आली. बिचारा इतकी वर्षं गावासाठी खपतो, त्याला एकदा तरी चांगलं काही मिळावं! चोकला लोकर पांढरी आणि देवाची घोंगडी काळीच लागते, म्हणून तिने ती हिरडा आणि गंजक्या खिळ्यांच्या काढ्यात काळी केली. त्यात आमटीचं पातेलं कायमचं कामातून गेलं. सूत घाटावरच्या विणकराकडे पाठवलं आणि खळ लावू नका म्हणून बजावलं. घोंगडी आली ती मांजराच्या पोटासारखी मऊ.

आणि आता हे.

"घोंगडेचो मान आजपासून आमच्या घराकडे," काका म्हणाले. ते तयारीनेच आले होते. काखेत नवीकोरी दख्खनी घोंगडी होती. "थोरला घर आमचाच. पयलो मानय आमचोच."

दुर्गाची सासू नर्मदा जाताना एकच गोष्ट बजावून गेली होती, शेत गेलं तरी चालेल, घोंगडीचा मान सोडू नकोस. तो मान आपल्याच हाताने, आपल्याच हौसेपायी घालवला, या विचाराने तिला रडूच आलं. पण काकांसमोर रडायचं नाही म्हणून तिने पदर कमरेला खोचला.

"माझ्याकडना मान काढूचो तर देवाक इचारून काढा," ती म्हणाली. "लावा कौल."

विश्वेश गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवचारा म्हाराजा! तुझी मऊ घोंगडी काढून ही राठ घोंगडी तुका घातली तर चलात काय, तो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

डावी पाकळी पडली.

"परत लाव," काका म्हणाले. परत लावली. परत डावी. काकांच्या सांगण्यावरून विश्वेशने देवाला नुसतं उठायची तरी विनंती करून पाहिली. डावी पाकळी यावेळी अंमळ जोरातच पडली.

कुणीतरी चपला काढून हातात घेतल्या, झोपलेल्या देवाला आवाज नको म्हणून.

"आता गाव कोणी राखूचो?" विश्वेशने हळू आवाजात विचारलं.

"ताच इचारा," दुर्गा म्हणाली. "देवाच्या बदली कोणी फिरूचा ता. एकेक नाव घेवा."

"नावां मानाप्रमाणा घे हां," काशिनाथकाका सवयीने बोलून गेले. "पयलो मान पयला."

विश्वेशने मान डोलावली आणि पाकळ्या ओल्या केल्या. "बा म्हाराजा, पयलो मान काशिनाथाचो. तर तुझ्या बदली रातभर सीमेर..."

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

"व्हय म्हाराजा!" गावाने इतक्या आनंदाने कधीच म्हटलं नव्हतं.

काकांचा चेहरा पडला. देवापुढे नाही कसं म्हणणार! दुर्गाने त्यांच्या काखेतली दख्खनी घोंगडी हळूच काढून घेतली, उलगडली आणि दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे, त्यांच्या खांद्यावर घातली. काकांनी एकदा मानेमागे खाजवलं. मग पाठीला हात पोचतो का ते पाहिलं.

"खाजता गो ही," ते कळवळून म्हणाले.

"खाजूकच व्हयी, काकानू," दुर्गा म्हणाली. "नायतर देवचार इतकी वर्सां रातभर कित्याक फिरत होतो?"