सातवी शिट्टी

सहा जणांनी मिळून सात शिट्ट्या वाजवल्या, तेव्हा आकाशनिरीक्षण मंडळाच्या चिटणिसांनी वहीतून मान वर केली.

शाळेच्या गच्चीवर नुकतंच अंधारलं होतं. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती आणि तिच्या काळ्या कडेआड एक तारा आत्ताच गेला होता. जाणकार याला पिधान म्हणतात. तारा नेमका कधी गेला ते टिपायचं, एवढंच काम. ऐकू येणारे लोक अशा वेळी "गेला" म्हणून ओरडतात आणि चिटणीस घड्याळाचं बटण दाबतात. आज सहा दुर्बिणींमागचे सहाही जण बहिरे होते. चिटणिसांनी त्यावर तोडगा म्हणून प्रत्येकाला शिट्टी दिली होती. ती वाजली हे वाजवणाऱ्यालाही कळावं, म्हणून ते हातातला लाल दिवा लगेच हलवणार होते. ही सोय कोणाची, असा प्रश्न मंडळाच्या सभेत निघाला नव्हता. सभेला सगळे ऐकू येणारेच होते.

"दोनदा कोणी वाजवली?" चिटणिसांनी विचारलं.

अर्थातच कोणी उत्तर दिलं नाही. मग घड्याळवाल्या बाईंच्या सुनेने दिव्याखाली हात धरून तोच प्रश्न खुणांनी विचारला. बाईंनी स्वतःकडेच बोट दाखवलं. तीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून त्या मनगटी घड्याळं दुरुस्त करत होत्या. सुनेला ऐकू येत होतं. लग्न ठरताना 'सासू एक शब्द बोलत नाही' या गुणावर ती भाळली होती, आणि तेव्हापासून गावभर सासूचंच बोलत फिरत होती.

"होतं असं," चिटणीस समजुतीने म्हणाले. "ऐकू येत नाही म्हटल्यावर शंका येणारच, पहिली वाजली की नाही. म्हणून पुन्हा वाजवली. पण नियमाप्रमाणे दोन्ही रद्द होतात."

सुनेचे हात हलले. त्याला बाईंच्या हातांनी दुप्पट वेगाने उत्तर दिलं.

"आई म्हणतायत, शंकाबिंका काही नव्हती. तारा दोनदा गेला."

"तारा दोनदा जात नाही."

"आधी बराचसा गेला. उरलेला सेकंदभर थांबला, आणि मग तोही गेला."

चिटणिसांनी पिशवीतून यादी काढली. "हा तारा यादीत एकटा आहे. जोडीचा असता तर तसं लिहिलं असतं. आणि बाकीच्या पाच जणांना कसं काय दिसलं नाही?"

बाईंनी हे सुनेच्या हातांवरून वाचलं आणि थोडंसंच काहीतरी सांगितलं.

"आई विचारतायत, पहिली शिट्टी वाजवल्यावर ते पाच जण कुठे बघत होते?"

सुनेने तो प्रश्न पाचही जणांना विचारला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आधी शिंपीकाकांनी, त्यांच्यामागोमाग छापखान्यातल्या दोघी बहिणींनी आणि शेवटी उरलेल्या दोघांनी बोट दाखवलं, चिटणिसांच्या हातातल्या लाल दिव्याकडे.

"शिट्टी वाजली का, ते बघायला," सून म्हणाली. "आईंनी तेवढं बघितलं नाही. त्यांना ताऱ्यात रस होता."

चिटणीस थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिले.

"असेलही," ते म्हणाले. "पण एकटीचं निरीक्षण. तेही यादीच्या विरुद्ध. मला वर उत्तर द्यावं लागतं." त्यांनी बाईंच्या नावापुढे पेन टेकवलं. जे वहीत नाही ते दिसलंच नाही, असं मंडळाचं धोरण होतं. त्यातून आजवर पुष्कळ तारे वगळले गेले होते.

बाईंनी पेन पाहिलं. दुर्बिणीच्या नळीला टेकवलेला हात काढून त्या दिव्याच्या उजेडात आल्या, दोन बोटं जवळजवळ धरली आणि काही सांगू लागल्या.

"पुढचा तारा दहा मिनिटांत," चिटणीस घड्याळ बघून म्हणाले. "डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे." आणि त्यांनी दिवा बंद करून खिशात टाकला.

बाईंचं वाक्य अर्ध्यावरच काळोखात गेलं. संध्याकाळपासून हे चौथ्यांदा झालं होतं. या लोकांनी चिटणिसांना एव्हाना नावं ठेवली होती, आणि एक नावही ठेवलं होतं. खुणेच्या भाषेत ते नाव म्हणजे बटण दाबणारा अंगठा. चिटणिसांना वाटत होतं, ही शाबासकी आहे.

अंधारात गच्ची अगदी गप्प झाली. रेघ नेमकी कुठे मारायची ते दिसेना, म्हणून चिटणीस पेन धरून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात कोणीतरी त्यांचं दुसरं मनगट धरलं. पकड घट्ट होती, पण घाईची नव्हती. पाठोपाठ घड्याळाच्या तेलाचा वास आला. त्यांचा तळहात उलगडला गेला आणि त्यावर दोन बोटांची टोकं टेकली, इतकी जवळ, की आधी त्यांना ते एकच बोट वाटलं.

बोटं हलली नाहीत. चिटणीसही हलले नाहीत.

मग एक उचललं गेलं.

दुसरं तिथेच राहिलं. चिटणिसांनी सवयीने मनात मोजलं. एक सेकंद, फार तर थोडा जास्त.

मग तेही उचललं गेलं, आणि तळहातावर नुसता गार वारा लागला.

चिटणिसांनी पेनाला टोपण लावलं.

"परत एकदा," ते अंधारात म्हणाले.

काहीच झालं नाही. सुनेला ते ऐकू आलं होतं, पण या वेळी ती मध्ये पडली नाही.

थोड्या वेळाने चिटणिसांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तळहात पुढे धरला.