गच्चीवरची म्हैस

“ह्याचंबी शेवटचं पान न्हाय!” बाळासोंनी पुस्तक मीनाक्षीच्या टेबलावर आपटलं. “तेरावं पुस्तक हाय हे, मॅडम. तेरावं!”

मीनाक्षी स्टीलच्या पट्टीनं रजिस्टरात रेघा मारत होती. तिनं हातातली रेघ पुरी केली आणि मगच मान वर केली. वाचनालयाच्या कार्यवाहांना ताटकळत ठेवायची हिंमत फार थोड्यांत होती, आणि बालविभागाच्या या बाईंचा त्यात पहिला नंबर.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“फाडलेलं न्हाय, बरं का. कसं सुबक कापलंय बघा! आजपास्नं कपाटांना कुलपं. पोरांनी टेबलापाशी यायचं, नाव सांगायचं, देऊ ते पुस्तक घ्यायचं आनि सुटायचं.”

“कुलूप लागणार नाही.”

“समितीनं ठरवलंय.”

“समितीतलं कोण या खोलीत कधी येऊन बसलंय?”

समितीतल्या उंटावरच्या शहाण्यांना ही खोली जिन्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हेही सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षीपर्यंत इथं दर रविवारी ‘सहकुटुंब वाचन’ चालायचं. चालायचं म्हणजे, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. चार-पाच मुलं यायची. आईबाप बाहेरच्या बाकावर मोबाइलात डोकं घालून बसायचे. मीनाक्षी जीव तोडून गोष्ट वाचायची, गोष्ट संपायची आणि मुलं चपला शोधायला लागायची. खोली रिकामी करून तिथं सभेच्या खुर्च्या रचून ठेवायचा ठरावही तयार झाला होता.

मग एका रविवारी म्हशीचं पुस्तक हाती आलं. म्हैस गच्चीवर चढून बसलेली, सगळी गल्ली गोळा झालेली, म्हैस काही केल्या खाली उतरेना आणि नेमकं पुढचं, शेवटचं पान नाही! पुस्तक जुनं, पान कधीचंच गळून गेलेलं. पोरांनी असा गिल्ला केला की बाहेरच्या बाकावरून कृष्णात उठून आत आला. तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर कामाला होता. मुलीला सोडायला यायचा.

“क्रेन लागंल की!” तो म्हणाला.

“कशाला रं क्रेन?” नातवाला घेऊन आलेल्या चिमणाबाई कडाडल्या. “खाली रेडकू बांधा. म्हस आपसूक उतरती.”

त्या दिवशी खोली बंद करायला तासभर उशीर झाला. पुढच्या रविवारी जो तो आपापला शेवट लिहून घेऊन आला. मग शेवट नसलेली पुस्तकं एकेक करून वाढत गेली आणि माणसंही. आता रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. खुर्च्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

“आनि चोरबी सापडलाय,” बाळासो म्हणाले. “त्या कृष्णातची पोरगी. तेरातली अकरा पुस्तकं तिच्या कार्डावर गेल्यात. कार्ड रद्द करायचं, पोरीला यायचं बंद करायचं. मग कुलूप नसलं तरी चालंल.”

मीनाक्षीचा चेहरा लाल झाला. “सगळ्यात जास्त वाचते म्हणून ती चोर? की बाप भट्टीवर राबतो म्हणून? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!”

कृष्णातची प्रियदर्शनी बापाचा हात धरून दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दहा वर्षांची पोर, पण मान ताठ.

“मी पान न्हाय कापलं,” ती म्हणाली. “मी शेवट लिवलाय. बघायचा आसंल तर बघा.” तिनं वहीचा कागद पुढं केला.

“माझी पोरगी चोर हाय म्हणून पुन्यांदा म्हणा की, सायेब,” कृष्णात शांतपणे म्हणाला. “माझ्याकडं बघून म्हणा.”

बाळासोंनी कागदाला हात लावला नाही. “मग कोण ते सांगा. आज नाव कळलं न्हाय तर कार्डबी रद्द आनि कुलूपबी.”

मीनाक्षी उठली. एक कोरा कागद ओढला, उभ्या उभ्याच लिहिलं, सही ठोकली आणि कागद बाळासोंच्या हातात दिला.

बाळासोंनी मोठ्यानं वाचला. “‘बालविभागातील बारा पुस्तकांची शेवटची पानं मी स्वतः कापली आहेत. यात कुणाही वाचकाचा दोष नाही.’”

कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. “मॅडम, आमच्यापायी असलं लिवू नका वो.”

बाळासोंनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “पोरीवरचं बालंट अंगावर घेताय व्हय, बाई? पण खोटं बोलायची सवय न्हाय तुम्हाला. बारा लिवलंय. पुस्तकं तेरा हायत.”

“बाराच,” मीनाक्षी म्हणाली. “लिहिलंय ते खरं आहे.”

“हां हां, खरं!” बाळासोंनी कागदाचे चार तुकडे केले. “वीस वर्सात एका पुस्तकाचा कोपरा दुमडू दिला न्हाय तुम्ही, आनि पानं कापणार व्हय? असली बाई खोलीत आसल्यावर कुलूप कशाला पायजे? मी सांगतो समितीला. पोरी, ये आत, बस.”

ते दारापर्यंत गेले आणि अडखळले. “ती म्हस... उतरली का वो शेवटाला?”

“पुढच्या रविवारी तुमचा शेवट लिहून आणा,” मीनाक्षी म्हणाली.

संध्याकाळी शेवटचं कुटुंब गेल्यावर तिनं सतरंज्या गुंडाळल्या आणि दार लोटून घेतलं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक काढलं आणि शेवटचं पान सावकाश, अगदी मन लावून वाचलं. मग कडेला स्टीलची पट्टी धरली आणि खणातून पातं काढलं. एका रेघेत पान सुटलं. तिनं ते खणातल्या बारा पानांवर अलगद ठेवून दिलं.