खात्रीचा माणूस

जनीने पाण्याचा पेला ओठांशी नेला आणि हातात निखारा आल्यासारखा भिरकावून दिला. डॉ. निशिगंधा जागच्या जागी थिजली. पंख्याचा वारासुद्धा जनीला सोसत नव्हता. तिचा नवरा मंगळू घरंगळलेला पेला उचलत म्हणाला, "डॉक्टरीणबाय, समदी इंजेक्शनं घेतली ना हिनं? एक पन नाय चुकवलं आमी."

"नाही चुकवलंत," निशिगंधा म्हणाली.

खरंच चुकवलं नव्हतं. कुत्र्याचा दात पोटरीला नुसता ओझरता लागला होता. त्याच दिवशी तिने जखम साबणाने धुतली, लस टोचली. पुढच्या प्रत्येक तारखेला मंगळू बायकोला घेऊन वैशाखरे गावाहून धसईला तिच्या दवाखान्यात हजर होता. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने जनीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जनी तिथेच गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मंगळू दवाखान्यात आला. भांडला नाही. "तुमी तरी काय करणार," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पावसाळ्यात देवजी नावाचा तिचा एक पेशंट असाच गेला होता. छातीत कफ, ताप. इंजेक्शनं सुरू असूनही ताप हटला नाही. कल्याणला हलवेपर्यंत उशीर झाला. साध्यासुध्या जखमाही हल्ली चिघळत होत्या. तिने कॉलेजची पुस्तकं पुन्हा काढली. आपल्या जुन्या सरांना फोन केला. "क्वचित होतं असं," सर म्हणाले. क्वचित म्हणजे किती वेळा, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. बाकावर बसणारी माणसं कमी झाली. लोक परस्पर मुरबाडची एसटी धरू लागले.

टिकून होता तो एकटा हरेश.

तिने धसईत दवाखाना थाटला तेव्हा मोठ्या औषधविक्रेत्यांनी एवढ्याशा मागणीसाठी इतक्या आत यायला नकार दिला होता. शहापूरचा हरेश मात्र आला. तिनेही ते नातं जपलं. कधी घासाघीस केली नाही, दुसऱ्या कुणाकडून एक गोळी घेतली नाही. दिवाळीला त्याच्या घरी फराळ पाठवला. त्याच्या आईचं ब्लडप्रेशर तीच बघायची. पुलावरून पाणी जात होतं तेव्हा हा माणूस लसीचा थर्माकोलचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडून आला होता. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, खोकीसुद्धा तोच परत न्यायचा. "इथं कचऱ्याची गाडी कुठं येते, ताई? मी टाकतो तिकडं." पुरवठादार एकच असावा, पण असा असावा, असं ती इतर डॉक्टरांना सांगायची.

जनी गेल्यावर तो मुद्दाम भेटायला आला.

"हरेशदादा, मी बंद करते हे सगळं," ती म्हणाली.

"लाइट जाते ना इथं सारखी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "फ्रिज बंद पडला आसंल. लस गरम झाली आसंल. तुमचा काय दोष, ताई?"

पुढच्या खेपेला त्याने फ्रिजसाठी इन्व्हर्टर आणला आणि स्वतः बसवून दिला. ती त्याच्यादेखत रडली. त्या दिवसापासून मात्र तिला झोप लागेनाशी झाली. म्हणजे आपल्याच फ्रिजने जनीला मारलं होतं.

मग एका सकाळी हरेशचा फोन आला. त्याची मुलगी मनस्वी आत्याकडे धसईला आली होती. अंगणात खेळताना तिला कुत्रा चावला होता.

"जखम तेवढी धुवा, ताई. इंजेक्शन मी आल्यावर द्या. सुईला लय घाबरते ती. मी धरीन तिला."

आत्या, सरस्वती, पोरीला घेऊन आली. निशिगंधाने जखम धुतली आणि वाट बघत बसली. शहापूरहून यायला लागावा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. दुपार टळली तेव्हा हरेश घामाघूम होऊन आत आला. त्याने लेकीला मांडीवर घेतलं.

"दादा, हिला मुरबाडला न्या," निशिगंधा म्हणाली. "माझ्या हाताचा मलाच भरवसा राहिला नाही."

"तुमच्याच हातानं द्या," तो म्हणाला. "तुमच्या हातात काय खोट नाय, ताई. कधीच नव्हती."

कितीतरी महिन्यांत असं कुणी म्हटलं नव्हतं. स्वतःचं मूल या माणसाने तिच्यापुढे आणून बसवलं होतं. डोळे पुसून तिने फ्रिज उघडला, इन्व्हर्टर बसवल्यानंतर हरेशनेच आणून दिलेलं लसीचं खोकं काढलं आणि सिरिंजचं पाकीट फोडलं.

"त्यातलं नको, ताई." हरेशने मान वर केली नाही. शर्टाच्या आतून त्याने बर्फात ठेवलेल्या लसीची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "हे कल्याणहून आणलंय."